दोन टेकाडं आणि हुसेन पिंजारी

मूर्तिजापूर तालुक्यातल्या खारतळ गावात हुसेन पिंजाऱ्याला बावन्न वर्षांत कुणी कधी काही विचारलं नव्हतं. लोक सांगायचे, तो ऐकायचा. अमक्या दिवशी ये, गादी पिंजून दे, उशा सैल झाल्यात, भरून दे. खांद्यावर कापूस पिंजायचं धनुष्यासारखं पिंजण घेऊन तो दारात उभा राहायचा आणि पिंजणाची तात वाजली की गल्लीला कळायचं, आज कुणाकडे गादी होते आहे. मग दोन हजार सहा साली नदीवर बंधारा झाला, गाव पाण्यात जाणार हे पक्कं झालं, आणि एकाएकी अख्ख्या गावाला हुसेनचं मत हवंहवंसं वाटू लागलं.

झालं होतं असं. बंधाऱ्याच्या पाण्यातून दोनच टेकाडं वर राहणार होती. एकावर मारुतीचं देऊळ, तिथं भाजी आणि फुलं पिकवणाऱ्या माळ्यांची घरं जाणार होती. दुसऱ्यावर दर्गा आणि कबरस्तान, तिथं मुसलमानांची घरं. पावसाळ्याचे चार महिने दोन्हींच्या भोवती पाणी, म्हणजे दोन बेटंच. सरकार पूल देणार होतं, पण एकच. ज्या टेकाडावर घरं जास्त, त्याला पूल. सरकारी कागदाला माणसं दिसत नाहीत, आकडे दिसतात. आणि आकडे तर बघा, इकडे एकोणचाळीस घरं, तिकडेही एकोणचाळीस. उरलं होतं एकच घर, गावाच्या मधोमध, हुसेनचं.

त्या पंधरा दिवसांत हुसेनने जेवढा पाहुणचार खाल्ला तेवढा स्वतःच्या लग्नातही खाल्ला नसेल. दर्ग्याकडच्या कादरभाईंनी घरी बोलावून बिर्याणी खाऊ घातली. “आपला मानूस आपल्यात पायजे,” एवढंच म्हणाले. कादरभाई मुळातच कमी बोलणारे. मारुतीकडचा देवीदास मात्र बोलण्यात पटाईत. तो फुलांची टोपली घेऊन स्वतः हुसेनच्या ओट्यावर येऊन बसला.

“हुसेनभाऊ, तुमी तिकडे गेले तं आमच्या दिव्याले कापूस कोन देईन?”

इथंच हुसेन फसला. खारतळात रीत होती. दिवाळीच्या आधी पिंजाऱ्याने घरोघर वातीचा कापूस द्यायचा, आणि मारुतीचा पहिला दिवा त्याच कापसाच्या वातीने लागायचा. हुसेनच्या आज्यापासूनची रीत. पिंजारी आल्याशिवाय देवळात दिवा नाही, ही गोष्ट हुसेन मुंबईच्या पाहुण्यालाही छाती फुगवून सांगायचा. ज्यांच्या देवाला आपल्या हातची वात चालते, त्यांच्या शेजारी आपण परके कसे, असा त्याचा सरळ हिशेब होता. हिशेब चुकीचा होता. वात चालणं वेगळं आणि माणूस लागणं वेगळं, हे त्याला कोण सांगणार?

सांगणारी एक होती, त्याची बायको अकीला.

“काहो, अम्मीचं वय काय, तुमी चालले कुठं? उद्या मय्यत झाली तं कबरस्तान पान्याच्या पलीकडे.”

“आतापासून मरनाचं कावून बोलून राहिली तू? पोट कुठं भरते ते पाय ना. दर्ग्याकडे पैसे देऊन माह्याकडून गाद्या कोन भरून घेते? तिकडे सारे आपलेच, फुकटात करून घेतील.”

म्हातारी अम्मी खाटेवरून एवढंच म्हणाली, “तुह्या अब्बाजवळ मले नेऊन ठेवजो म्हनजे झालं.” हुसेनने मारुतीकडच्या घरांच्या यादीवर सही केली. त्या संध्याकाळी देवीदासने त्याला शेवंतीचा हार घातला. माणसाला आयुष्यात एकदा तरी मान हवा असतो, त्याबद्दल मी हुसेनला दोष देत नाही. हार घालणाऱ्यांना मात्र देतो.

पूल झाला. मारुतीच्या टेकाडावरून थेट मोठ्या रस्त्याला. पोरं शाळेत जाऊ लागली, भाजी मूर्तिजापूरच्या बाजारात वेळेवर पोचू लागली. दर्ग्याच्या टेकाडाला कादरभाईंचा एक डोंगा, लहानशी होडी, बस. पहिल्याच पावसाळ्यात कादरभाईंची सून त्या डोंग्यात बाळंत झाली. मूल राहिलं नाही. हुसेनने ही बातमी देवीदासच्या ओट्यावर ऐकली आणि हातातला चहा तसाच ठेवून घरी आला. कादरभाईंकडे जावं असं दहादा मनात आलं, पण तोंड कुठलं दाखवणार?

आणि ज्या पोटासाठी हे केलं ते पोट? ती वर्षं कापसाची नव्हती. कधी बोंडं सडली, कधी भाव पडला, जे काही घरात आलं ते लोक त्याच आठवड्यात विकून मोकळे व्हायचे. पूर्वी शेतकरी मुलीच्या रुखवताच्या गादीसाठी मणभर कापूस बाजूला ठेवायचा. आता लग्नंच पुढे ढकलली जायची, आणि झालीच तर अकोल्याहून फोमची गादी यायची. हुसेनचं पिंजण भिंतीला टांगलेलं राहू लागलं. दुसऱ्या दिवाळीला तो वातीचा कापूस घेऊन देवीदासच्या दारात गेला, तेव्हा देवीदासचा मुलगा योगेश आतून म्हणाला, “काका, राहू द्या. मी तयार वातीचं पाकीट आनलं.” देवीदास तिथंच बसला होता. त्याने पेपरात डोकं घातलं.

तिसऱ्या वर्षी भाद्रपदात अम्मी गेली.

सकाळचे नऊ वाजले होते. घरोघर महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, बसलेल्या. देवीदास आला, दोन-चार जण आले, दारात हात जोडून उभे राहिले. “हुसेनभाऊ, घरात लक्ष्म्या हायेत, हात लावता येत नाही. समजून घ्या.” हुसेन समजला. त्यांनी काही खोटं सांगितलं नव्हतं. अकीलाने एकटीने सासूला आंघोळ घातली, पाणी ओतायला दुसरी बाई नव्हती. हुसेन पाण्याच्या काठावर गेला आणि दर्ग्याच्या दिशेने हात हलवून ओरडू लागला. ज्यांचा पूल त्याने घालवला, त्यांनाच तो हाका मारत होता. आवाज फाटेपर्यंत ओरडला.

डोंगा आला. कादरभाई आणि आणखी तिघं. त्यांनी अम्मीला उचललं, पलीकडे नेलं. तिकडे माणसं आधीच कबर खोदत होती. नमाज झाली, माती झाली, अम्मी अब्बांच्या शेजारी गेली. सगळं रीतसर, सगळं चोख. शिव्या दिल्या असत्या तर हुसेन तिथंच त्यांच्या पायांवर पडला असता.

परत येताना डोंग्यात हुसेन आणि कादरभाई दोघंच होते. पाण्याच्या मध्यावर आल्यावर हुसेनला राहवलं नाही.

“कादरभाई, म्या चुकी केली. यादीतलं नाव बदलून घेतो. मले अन अकीलाले तुमच्याकडे राहू द्या. एखादी झोपडी, कुठंही.”

कादरभाईंनी वल्हं थांबवलं नाही.

“यादी तं कवाच बंद झाली हुसेन. टेकाडावर घराले जागा उरली नाही आता.” मग अगदी सरळ आवाजात म्हणाले, “पन तू फिकीर नको करू. अम्मीच्या बाजूले दोन कबरींची जागा सोडली आमी. तुह्यी अन अकीलाची.”

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर हुसेनला उलटून काहीतरी म्हणता आलं असतं. डोंगा मारुतीच्या टेकाडाला लागला आणि कादरभाई तो उतरायची वाट पाहत बसले.