भीमराजच्या रक्ताचा कागद

खर्ड्याच्या अलीकडे एका वाडीत शाळेसमोर चिंचेचं जुनं झाड आहे. पावसाळ्यात त्यावर शे-दीडशे बगळे घरटी करतात. बगळ्यांचं रक्त पिणारे गोचीड सालीच्या फटींत लपतात आणि त्यांतल्या काहींत तापाचे विषाणू असतात. वाडीत हे एकट्या भीमराजला ठाऊक होतं. पुण्याहून तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी तो अकरा वर्षं रोजंदारीवर ते गोचीड वेचत होता. माणूस सरळ, नको इतका सरळ.

एका वर्षी साहेबांनी त्याचंही रक्त तपासलं. ताप कधीतरी येऊन गेल्याची खूण निघाली. आता त्याच्यापासून धोका कुणालाच नव्हता. भीमराजला केवढा अभिमान! चहाच्या टपरीवर त्याने तो तपासणीचा कागद वाचून दाखवला. "चिंचंवरच्या गोचिडाचा रोग झाला अन् म्या पचिवला," म्हणाला. लोकांनी त्यातला 'रोग' तेवढा उचलला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना काचेच्या ग्लासात चहा, भीमराजला कागदी कपात. त्याच्या आजोबांचा कपही याच वाडीत वेगळा, बाहेरच्या कोनाड्यात असायचा. बौद्ध होऊन तीन पिढ्या लोटल्या, आणि आता लोकांना शास्त्राचं निमित्त मिळालं. संताप येतो, पण काढायचा कुणावर?

त्याची बायको कलाबाई शाळेत खिचडी शिजवायची. शाळा समितीचे हनुमंतराव तिला म्हणाले, "उद्यापासनं येऊ नका. तुमच्या हातचं पोरांना कसं घालायचं?"

कलाबाई नवऱ्यावर कडाडली. "तुमाला सांगायची हौस लई! आता जाऊन सांगा, कागद खोटा हाय म्हनून."

दोन दिवस भीमराजला घास गेला नाही. तिसऱ्या दिवशी समितीपुढे उभा राहून म्हणाला, "कागद दुसऱ्याचा हुता. त्या गोचिडात काय बी न्हाई." आयुष्यातलं पहिलं खोटं, आणि ते मात्र लोकांना झटकन पटलं. कलाबाई कामावर परतली.

दिवाळीनंतर पाखरं उडून गेली. उपाशी गोचीड खोडावरून खाली उतरू लागले, आणि पोरं नेहमीसारखी चिंचेच्या सावलीत खिचडी खायला बसली. भीमराज कलाबाईला पाणी भरून द्यायला आला होता. तिसरीतल्या रेश्माने दंड पुढे केला. "काका, ह्यो काय चिकटलाय?"

पलीकडून कलाबाई हातातला डाव तसाच धरून नवऱ्याकडे पाहत राहिली.

"काय न्हाई बाळा. साधा किडा हाय," भीमराज म्हणाला आणि त्याने तो काढून चिरडला.

त्यानंतर तो रोज सकाळी शाळेच्या फाटकाशी उभा राहून रेश्मा आली का बघायचा. बुधवारी आली. गुरुवारीही आली. शुक्रवारी आली नाही.