सुदामची शेवटची जमावबंदी

घाटनांदूर व पंचक्रोशीतील समस्त नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, माझा मित्र सुदाम वारला असून त्याच्यापासून सार्वजनिक शांततेला असलेला धोका कायमचा टळला आहे. फौजदारसाहेबांनी आता निवांत झोपावे.

महिना झाला. माझा राग उतरत नाही.

सुदामचा गुन्हा एकच... तो नळाला पाणी मागायचा, तेही बाजाराच्या दिवशी, चौकात स्टुलावर उभा राहून. शाळेच्या नाटकात तो राजा होता आणि मी विदूषक. पुढे आयुष्यभर तीच वाटणी राहिली. तो बोलायला लागला, चार माणसं थांबली, की पोलिसांची गाडी हजर. जमावबंदी आहे, पाच माणसं एकत्र जमायची नाहीत म्हणायचे. त्याच जमावबंदीत पुढाऱ्याच्या वाढदिवसाची मिरवणूक डीजे लावून अर्धा दिवस चौकात नाचली, आणि फौजदार तिला वाट करून देत होते. असले कायदे जाळलेच पाहिजेत, असं मी म्हणालो, तर सुदाम माझ्यावरच उखडला.

"कावून बे? उद्या कुणी दंगल करायला जमाव आणला तर पोलिसांनी बघत बसायचं? बोलायचा, जमायचा हक्क घटनेनं दिलाय, अन् बंधनबी तिनंच सांगितलंय. पण वाजवी म्हणलंय, बे. सोयीचं न्हाई."

तो गेला तेव्हाही जमावबंदी होतीच. अंत्ययात्रेला ती लागू नाही, असं त्या आदेशातच छापलेलं होतं. पण आदेश पूर्ण वाचायची तसदी कोण घेतो? तिरडी घेऊन आम्ही वेशीपाशी आलो, तर गाडी आडवी. मागे सारं गाव. घोषणा होतील, वातावरण बिघडेल, म्हणून फक्त चार खांदेकऱ्यांनी पुढे जावं, असं फौजदार म्हणाले. मग मडकं कोण धरणार? तेही खांदेकऱ्यानेच दुसऱ्या हातात धरावं, म्हणे! सुदामची बायको, आमच्या वहिनी, गाडीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. ज्यांच्यासाठी हा माणूस ओरडला, त्यांच्याशिवाय त्याला नेणार नाही, एवढंच त्यांनी सांगितलं.

शेवटी गाडी बाजूला झाली आणि सारं गाव सुदामबरोबर गेलं. पण ती आमच्या संतापाने हलली नाही, वहिनींच्या बोलण्यानेही नाही. फौजदारांनी हवालदाराला माणसं मोजायला लावलं होतं. त्याने आम्हा चौघा खांदेकऱ्यांना मोजलं, मग त्याचं बोट तिरडीवर येऊन थांबलं... आणि भर गावासमोर त्याने अगदी प्रामाणिकपणे विचारलं, "साहेब, मयत धरून पाच होतात. आता ह्यातलं कोण कमी करू?"