भिंतीकडे तोंड करून

३ मे, रविवार. लेकीचा कराटेचा पांढरा ड्रेस धुवून त्याला खळ घालायची होती. ठोसा मारताना बाही फाडकन वाजली पाहिजे, असा त्यांच्या क्लासचा दंडक, आणि लेकीने केलेल्या खळीत गुठळ्या होत. म्हणून हे काम दर रविवारी माझ्याकडे. बादलीत टाकण्याआधी मी बाह्या उलटून पाहिल्या. उजव्या मनगटाशी रुपयाएवढा डाग होता. वाळलेलं रक्त.

"हे कुणाचं?"

"माझंच. शुक्रवारी क्लासमध्ये नाक फुटलं." तिने मान वर केली नाही.

शुक्रवारी ती क्लासहून आल्यावर मीच तिच्या डोक्याला तेल चोळलं होतं. नाक माझ्या हाताखालीच होतं आणि ठणठणीत होतं.

मी डागावर मीठ लावलं आणि गार पाण्यात बाही चोळली. ती खोटं का बोलतेय ते मला कळत होतं. क्लासला घालतानाच मी बजावलं होतं, मार खाऊन आलीस तर चालेल, कुणाला मारून आलीस तर त्या दिवसापासून क्लास बंद. मी बोललेलं फिरवत नाही, हे तिला सोळा वर्षांत पुरेसं कळलं होतं.

संशयाला आणखी एक कारण होतं. दहावीची परीक्षा संपल्यापासून ती फूटपाथवरून जुनी इंग्रजी कॉमिक्स आणत होती. त्यातलं एक गादी उलटताना माझ्या हाती लागलं. काळा मुखवटा घातलेला माणूस, मुठीला गुंडाळलेला जुना कराटेचा पट्टा, आणि पानोपानी गुंडांची मोडलेली बोटं. गुंड त्याच लायकीचे होते, तो भाग वेगळा. पण हा कुणापुढे वाकत नव्हता, कुणाचं ऐकत नव्हता.

"हा चांगला की वाईट?" मी तेव्हाच विचारलं होतं.

"मधला."

"मधला म्हणजे? आपण त्याला घरी जेवायला बोलवायचं की नाही?"

"आई, तुला नाही कळणार."

आता मी बाही यजमानांच्या पुढ्यात धरली आणि कॉमिकचंही सांगितलं. त्यांनी पेपर खाली केला. "अगं, चित्रं आहेत ती."

"बाहीवर आहे ते चित्र नाहीये."

मेच्या उन्हात ड्रेस दुपारीच कडकडीत वाळला. संध्याकाळी ती तो घेऊन बसने निघाली. अर्ध्या तासाने मी स्कूटर काढली आणि बिबवेवाडीहून सदाशिव पेठेत, तिचा क्लास भरायचा त्या शाळेत पोचले. हॉलच्या दारावर पाटी होती: 'पालकांनी चपला बाहेर आणि सूचना घरी ठेवाव्यात.'

आत मुलंमुली रांगेत उभी राहून हात झाडत होती. माझी लेक रांगेत नव्हती. कोपऱ्यात गुडघे दुमडून, भिंतीकडे तोंड करून, सगळ्यांकडे पाठ करून बसली होती. माझ्या खळीने ताठ झालेली कॉलर लांबूनही ओळखू आली.

सर बाहेर आले. किडकिडीत माणूस, आवाज मऊ. ज्याचा आवाज कधी चढत नाही त्याच्यावर माझा पटकन विश्वास बसत नाही.

"ही शिक्षा कशाबद्दल?"

"शिक्षा नाही. सरावात आपल्या हातून कुणाला लागलं, तर त्याची मलमपट्टी होईपर्यंत असं बसायचं असतं. शुक्रवारी हिच्या जोडीदारणीच्या नाकाला लागलं. मलमपट्टी तेव्हाच आटोपली."

"मग आज का बसवलंत?"

"मी नाही बसवलं. आल्या आल्या स्वतःच बसली. ऊठ म्हटलं, तर म्हणाली, अजून झालं नाही."

"काय झालं नाही?"

"ते तिला विचारा. मी ठोसा मारायला शिकवतो आणि तो नाकाच्या बोटभर अलीकडे थांबवायला शिकवतो. पहिलं सगळ्यांना लवकर येतं."

क्लास सुटल्यावर लेकीला मागे बसवून परत येताना मी रसवंतीपाशी स्कूटर थांबवली. घरी तिचे वडील मध्ये पडले असते.

"चुकून लागलं?"

तिने ग्लासातला बर्फ हलवला. "थांबवता आला असता."

"मग?"

"महिनाभर चिडवत होती. म्हशीसारखी हलतेस म्हणाली. मला वाटलं, एकदा लागू दे."

"आणि हे त्या मुखवटेवाल्याकडून शिकलीस."

"तू पहिली दोन पानं वाचलीस?"

वाचली नव्हती. मी मारामारीच तपासली होती.

"त्याच्या हातूनही असंच होतं. गुरू सांगतात, भिंतीकडे तोंड करून बस. तो बसत नाही, निघून जातो. सगळी मारामारी त्याच्यानंतरची. दर वेळी त्याला वाटतं, चूक समोरच्याचीच. आणि असतेही, आई. म्हणून तर तो कधी थांबत नाही." मग हळूच म्हणाली, "मला तो आवडतो. म्हणून बसले."

बोलणं चांगलं होतं. जरा जास्तच चांगलं होतं.

"भिंतीपुढे बसणं सोपं आहे," मी म्हटलं. "भिंतीला नाक नसतं. त्या मुलीच्या घरी गेलीस?"

"नाही."

"फोन?"

तिने मान हलवली. "क्लास बंद का?"

"रस संपव."

जेवणं झाल्यावर मी ती दोन पानं वाचली. तिने सांगितलं तसंच होतं. माणूस मला तरीही आवडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला मागे बसवून त्या मुलीच्या घरी नेलं. बेल तिलाच वाजवायला लावली. मी जिन्याच्या खालच्या वळणावर थांबले, भिंतीकडे तोंड करून. कान मात्र वरच होते. दार उघडलं. लेकीचा आवाज आला, "काकू, शुक्रवारी तिला लागलं ना, ते चुकून नव्हतं. मी मुद्दाम मारलं."

पुढचं त्या बाईंनी ऐकवलं ते सगळ्या जिन्याने ऐकलं. लेक निघून आली नाही. बाईंचं बोलून होईपर्यंत तिथेच उभी राहिली.

घरी आले आणि सोमवार असूनही खळ शिजवायला ठेवली.