फोन वाजलाच नाही

पडदेमामांच्या नावापुढे कुणी ‘प्रतिसाद नाही’ असं लिहावं, याचा संताप अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

आमच्या नाटक कंपनीत मामा पडदा ओढायचे. विंगेत स्टुलावर बसलेले, हातात दोरी, नजर माझ्या बोटांवर. मरणाचा प्रवेश असला की मी पडल्यापडल्या करंगळी हलवायची आणि पडदा खाली यायचा. एकदा मला खरोखरच चक्कर आली, करंगळी हललीच नाही. तर हा बाबा दोरी धरून तसाच बसून राहिला! प्रेक्षक रडून रडून दमले. नंतर मी त्यांच्यावर तुटून पडले, तर शांतपणे म्हणाले, “बाई, इशारा कुठे झाला?”

तर या माणसाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. डोळ्यांच्या दवाखान्यात ऑपरेशनसाठी नाव घातलं. “तुमची पाळी आली की कळवू,” असं खिडकीवरच्या मुलीने सांगितलं. मामांनी घरचा नंबर दिला. मोबाईल त्यांच्याकडे नाही. त्या काचेवर बोट कुठे ठेवायचं तेच दिसत नाही. घरी येऊन फोनशेजारी स्टूल ओढून जे बसले, ते बसलेच. मामी करवादायच्या, “अहो, आंघोळीला तरी उठा!”

“तोवर तू बस इथे.”

महिने गेले. फोन वाजायचा तो माझाच, आणि मला ऐकावं लागायचं, “बाई, आटपा लवकर, लाईन अडते.”

शेवटी मीच त्यांना हाताला धरून दवाखान्यात नेलं. खिडकीवरची मुलगी स्क्रीनकडे बघत म्हणाली, “आजोबा, तुमची पाळी होऊन गेली. नाव काढलंय. इतके मेसेज पाठवले, प्रतिसाद नाही.”

“मेसेज कुठे पाठवलेत?” मी विचारलं.

“यांनी दिलेल्या नंबरवर.”

“अहो, तो घरचा फोन आहे! भिंतीला वायरने बांधलेला!”

“आकडे पुरेसे होते, मॅडम. कॉम्प्युटरने मोबाईल म्हणूनच घेतला.”

“सुरुवातीला गावाचा कोड दिसत नाही? मोबाईलला कुठे गाव असतं? आणि ज्यांना दिसत नाही, त्यांना तुम्ही वाचायला मेसेज पाठवता? दिसत असतं तर ते इथे झक मारायला आले असते?”

शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज आहे माझा. बाकांवरचे पट्टी बांधलेले चेहरेसुद्धा वळले. कुणीतरी टाळी वाजवली.

मुलगी वाईट नव्हती. तिने तिथूनच तो नंबर फिरवला. पहिल्याच घंटेला मामींचा आवाज आला, इतका मोठा की आम्हालाही ऐकू आला. “हां, बोला! ते इथेच बसलेत... अगं बाई, नाही नाही, तुमच्याकडेच आलेत!”

मुलीला हसू फुटलं, मग तिचा चेहरा उतरला. “पुढच्या आठवड्यात घेते यांना,” ती म्हणाली. “पण एक मोबाईल नंबर लागेल.” मी माझा दिला आणि निघाले. मामा मात्र खिडकीशी खिळलेले.

“ते आधी खोडा.”

“काय, आजोबा?”

“प्रतिसाद नाही म्हणून लिहिलंय ते.”

“कॉम्प्युटर खोडू देत नाही हो. तारीख मिळाली ना आता?”

“तारीख राहू द्या. इशारा झाला आणि मी जागेवर नव्हतो, असं उभ्या आयुष्यात मला कुणी म्हटलेलं नाही. मी तिथेच बसलो होतो, बाळ.”

मागे रांग कुरकुरू लागली. मीही हळूच म्हटलं, “मामा, चला ना.” त्यांनी माझा हात झटकला.

मुलीने कीबोर्ड पुढे ओढला. “खाली शेरा लिहिता येतो. काय लिहू?”

“लिहा, फोन वाजला नाही.”

तिने लिहिलं. मामांनी ते तिला मोठ्याने वाचायला लावलं. मग चाचपडत माझा हात शोधला आणि म्हणाले, “चला, बाई.”