बाल्कनी नसलेली खोली

हॉटेलात फोन लावला की वारज्याच्या पद्मजाताई आठल्ये आधी सगळं खरं सांगून टाकत. मुलगा सोळा वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे. तिघांना एकच खोली हवी, कारण तो एकटा झोपत नाही. बाल्कनी नको, लिफ्टशेजारची खोली नको. मोठा आवाज झाला तर तोही ओरडतो. पलीकडचा माणूस इथवर ऐकून घेई, आणि मग त्याच्याकडच्या सगळ्या खोल्या अचानक भरलेल्या निघत.

वरद लहान होता तोवर निभावलं. रडकं पोर म्हणून लोक सोडून देत. आता त्याला मिसरूड फुटलं होतं, बापापेक्षा वीतभर उंच झाला होता.

त्याला समुद्राचं वेड. मोबाइलवर लाटांचे व्हिडिओ लावून तो तासन्‌तास बसे. शेवटी यंदा दिवाळीनंतर त्याचे बाबा, दिगंबरराव, म्हणाले, "या वेळी काही सांगू नकोस. नुसती खोली घे."

पद्मजाताईंनी मनाविरुद्ध कोकणातल्या एका हॉटेलात तशी खोली घेतली. पहिला दिवस सोन्यासारखा गेला. वरद गुडघाभर पाण्यात उभा राहून नुसता हसत होता. दुसऱ्या सकाळी शेजारच्या खोलीत ड्रिल सुरू झालं. वरद कान दाबून ओरडू लागला, दारावर डोकं आपटू लागला. दिगंबररावांनी त्याला घट्ट कवळून धरलं. तो शांत झाला तेव्हा बाहेर लोक जमले होते, एक जण मोबाइलवर शूटिंग करत होता.

मॅनेजर उद्धट नव्हता. "आधी सांगायला हवं होतं, मॅडम," तो म्हणाला. "बाकीच्या गेस्टना त्रास होतो."

जन्मभर सांगत आलेली बाई नेमकी एकदा गप्प बसली होती. त्यांनी बॅगा भरल्या.

घाटात मागच्या सीटवरून वरद हुबेहूब मॅनेजरच्या सुरात म्हणू लागला, "बाकीच्या गेस्टना त्रास होतो." टीव्हीवरच्या जाहिराती तो अशाच म्हणे, तेव्हा आईबाबा हसत. दिगंबररावांनी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. पद्मजाताई मागे जाऊन वरदशेजारी बसल्या.

"तुझा कुणालाही त्रास होत नाही," त्या म्हणाल्या. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

हॉटेलांना फोन करणं त्यांनी आता सोडलंय. रविवारी ते वरदला खडकवासल्याला नेतात आणि संध्याकाळी घरी येतात. धरणाच्या पाण्यात उतरू देत नाहीत. वरद चपला काढून हातात घेतो आणि काठावर उभा राहतो.