धुरावरचे दोन पोंगे

थांबा, हातातलं काम ठेवा, हे मले आत्ताच सांगू द्या! आज बाजारात धुरानं काळा पडलेला बांबूचा पोकळ पोंगा दिसला, नाकाशी धरला, आन् एटापल्लीकडलं आमचं घर आठवलं. तेव्हा मी लहान होती. चुलीवर असे दोन पोंगे टांगलेले राहत, कारण धुरात उधई, म्हणजे वाळवी, लागत नाई. एकात बाबाचा तंबाखू, दुसऱ्यात दंडाच्या पावत्या. जंगलाची जमीन कसतो म्हणून जंगलखात्याचा दंड होये, पण बाबा हसून म्हणे, "पावती जपून ठेव वं पोरी, वावर आपणच कसतो याचा हाच पुरावा!" बाबा वारला तेव्हा आमच्या रीतीनं त्याच्या वस्तू त्याच्यासंगं पुरल्या. मायनं रडत रडत तंबाखूचा म्हणून एक पोंगा उशाशी ठेवला. पुढं जमिनीच्या हक्काचा पट्टा द्यायची चौकशी करत साहेब आला. "पुरावा दाखव बाई." मायनं उरलेला पोंगा उतरवला, सुपात उलटा केला, आन् भुरभुर तंबाखू पडला. मोठा भाऊ कुदळ घेऊन बाबाले पुरलं तिकडं निघाला, तं माय दारात आडवी झाली. "मेलेल्याले देल्लं ते वापस काढत नाई रे. वावर गेलं तं जाऊ दे." वावर गेलं. तिथी खात्यानं साग लावला, आन् सागाचे खड्डे खोदाले मजुरीनं मायच गेली. मी अजूनही कोणताच डबा उघडून पाह्यल्याबिगर ठेवत नाई. तुमच्या घरचा कागद असा कधी मातीत गेला का? सांगा ना!