पप्पांनी ट्रे खाली ठेवला तो रविवार

आमच्या चर्चला आम्ही घरात देऊळच म्हणतो. तिथे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचे तुकडे आणि द्राक्षरसाचे छोटे पेले ट्रेमध्ये घेऊन पंच, म्हणजे मंडळीने निवडलेली वडीलधारी माणसं, बाकाबाकावर फिरतात आणि ज्याचा तो आपला पेला उचलतो. माझे पप्पा त्या पंचांपैकी एक. मला कळायला लागल्यापासून मी त्यांना इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, ट्रे जराही न हिंदकळवता चालताना पाहत आले. लग्नानंतर मी वारज्याला गेले, तरी क्वायरमध्ये गायला विश्रांतवाडीच्या याच देवळात येते. क्वायर मंडळीकडे तोंड करून बसते, त्यामुळे त्या दिवशी जे झालं ते मला अगदी समोरून दिसलं.

उजवीकडच्या बाकावर भिंतीकडेला काका बसायचे, पप्पांचे थोरले भाऊ. आजी वारल्यापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. आजी आयसीयूत होती, आता काही उपयोग नाही हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. पप्पांना तिला घरी आणायचं होतं. काका म्हणाले, नाही, इथंच ठेवायचं. आजी तिथेच गेली, नळ्या लावलेल्या, आपलं माणूस जवळ नसताना. कबरस्थानात माती देऊन होते न होते तोच पप्पा सगळ्यांदेखत काकांना म्हणाले, "आईला तू एकटीला मरायला लावलंस."

नंतर काका धायरीला मुलाकडे राहायला गेले. देऊळ मात्र त्यांनी सोडलं नाही. पाळकसाहेब दर प्रभुभोजनाला सांगायचे, मनात कुणाबद्दल वैर असेल तर आधी ते मिटवा आणि मग या मेजाशी या. दोघं भाऊ डोळे मिटून आमेन म्हणायचे. मग पप्पा काकांसमोर ट्रे धरायचे, काका मान न उचलता पेला घ्यायचे. वर्षानुवर्षं हे चाललं होतं आणि खरं सांगायचं तर आम्हा कुणालाच त्यात वावगं वाटेनासं झालं होतं.

त्या रविवारी काकांचा हात थरथरत होता. अलीकडे त्यांना कंप सुटायला लागला होता. त्यांनी पेला उचलला, तो बोटांतून निसटला आणि रस त्यांच्या मांडीवर सांडला. त्यांनी दुसऱ्या पेल्याला हात घातला, तोही कलंडला. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत पप्पांनी क्षणात हात धरून पेला दिला असता. ते नुसते उभे राहिले. मग वळले, चालत मेजापाशी आले, ट्रे खाली ठेवला आणि पाळकसाहेबांना म्हणाले, "मला हे आता जमणार नाही."

आवाज चढलेला नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. आम्ही गात होतो, ते कधी थांबलं आम्हालाच कळलं नाही. पप्पा काकांच्या बाकापाशी परत गेले. "दादा, जरा बाहेर चल."

काका उठतील असं मला वाटलं नव्हतं. ते उठले. दोघं मधल्या वाटेने बाहेर गेले आणि सगळं देऊळ मान वळवून बघत राहिलं. आईने मला खूण केली, जा म्हणून. मी उठून त्यांच्या मागे गेले.

दोघं गाड्या लावतात त्या शेडखाली उभे होते. काका रागाने लाल झाले होते. "चारचौघांत लाज आणलीस माझी. परत एकदा."

"तुझा हात थरथरत होता," पप्पा म्हणाले. "तो धरायला माझा हात पुढे गेला नाही, दादा. मग मी तो ट्रे घेऊन फिरतोय कशाला? मातीच्या वेळी मी बोललो ते चुकलंच. मला माफ कर."

मला वाटलं, आता काका त्यांना जवळ घेतील. काका शेडच्या खांबाला धरून खाली कट्ट्यावर बसले.

"आईने मला सांगितलं होतं, घरी ने म्हणून," ते म्हणाले. "नळी घालायच्या आधी. माझा हात धरून म्हणाली होती. मी तुम्हाला कुणाला बोललो नाही. मला भीती वाटली. घरात, माझ्यासमोर ती जाईल, ते मला बघवणार नाही असं वाटलं. तू बोललास ते खोटं असतं तर मी कधीच विसरून गेलो असतो."

मी पप्पांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मला ओळखता येईना. माफी मागायला बाहेर आलेला माणूस, आणि आता माफ करायची पाळी त्याच्यावरच आलेली, तीही ज्याची कल्पनाच नव्हती अशा गोष्टीसाठी.

"तिने सांगितलं होतं?" एवढंच ते म्हणाले.

"हो."

आत पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली होती, स्पीकरवरून ऐकू येत होती. पप्पा काकांच्या शेजारी बसले, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. मी उभीच. उपासना संपून माणसं बाहेर आली तेव्हाही ते तसेच बसले होते, आणि माणसं त्यांना वळसा घालून गाड्या काढत होती.

पुढच्याच आठवड्यात पप्पांनी पंचाचं काम सोडलं. एक जुने पंच मला म्हणाले, "प्रत्येकाने असं मन तपासायला घेतलं तर ट्रे भरलेलेच परत आणावे लागतील." आई कितीतरी दिवस धुसफुसत होती, नवरा पापी असल्यासारखा मागे बसतो, लोक काय म्हणतील.

पप्पा मात्र धायरीला जायला लागले. बस बदलून जातात, काकांकडे जेवतात. कप धरवत नाही म्हणून काकांना चहा बशीतून पाजावा लागतो, तो पप्पा पाजतात. आजीबद्दल बोलतात की नाही, मला माहीत नाही. काकांनी इस्टरला प्रभुभोजन घेतलं, सुनेने पेला धरला. पप्पांसमोर ट्रे आला तेव्हा त्यांनी पेला न उचलता तो शेजाऱ्याकडे जाऊ दिला.

त्या दिवशी त्यांना घरी सोडताना मी विचारलं, "तुम्ही तर आता काकांकडे जाता, सगळं करता. मग?"

"करतो," ते म्हणाले. "करायला जमतं. मनातून अजून नाही."

सिग्नल सुटला आणि मी गाडी पुढे घेतली.